गिळताना धोका असलेल्या मुलाला तोंडाने भरवावे का? एका वाक् चिकित्सकाचे उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुंबईच्या उपनगरात राहणाऱ्या एका आईची सात वर्षांची मुलगी सेरेब्रल पाल्सीमुळे, म्हणजे मेंदूतल्या इजेने स्नायूंवरचा ताबा बिघडल्यामुळे, आधाराशिवाय बसू शकत नाही आणि तिला भरवावे लागते. एकेका जेवणाला तास-सव्वा तास लागतो, पाणी पिताना ठसका लागतो आणि गेल्या वर्षभरात न्यूमोनियामुळे तिला दोनदा रुग्णालयात दाखल करावे लागले. डॉक्टरांनी अन्न देण्यासाठी पोटात नळी बसवून घ्या आणि तोंडाने काहीही देऊ नका, असे सांगितले आहे. आजीला ते पटत नाही, वरणभाताची वाटी दिसली की मुलगी हसते आणि लेखी सूचना मिळाल्याशिवाय डबा भरवणार नाही, असे शाळेने कळवले आहे. आईचे विचारणे असे की, अशा स्थितीत स्पीच थेरपिस्ट, म्हणजे बोलण्याबरोबर गिळण्याच्या त्रासावरही काम करणारा वाक् चिकित्सक, नेमके काय करू शकतो, तोंडाने भरवत राहणे म्हणजे मुलीच्या जिवाशी खेळणे आहे का आणि मुंबईत सुरुवात कोठून करावी?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देते. धोका नीट तपासून, तो शक्य तितका कमी करून, उरलेला धोका सर्वांनी समजून घेऊन आणि कागदावर उतरवून भरवणे म्हणजे जिवाशी खेळणे नव्हे. न तपासता, घाईने, मान मागे टाकून आणि डॉक्टरांपासून लपवून भरवणे हे मात्र खरोखर धोक्याचे आहे, आणि ‘तोंडाने काहीही नको’ एवढे एक वाक्य लिहून कुटुंबाला घरी पाठवले की बहुतेक वेळा नेमके हेच घडते. घरात भरवणे थांबत नाही. फक्त त्याबद्दल बोलणे थांबते, आणि मग पुढच्या वेळी ताप आला तरी घरचे लोक काय भरवले ते सांगायला कचरतात. म्हणून माझ्या मते आमच्या व्यवसायाचे काम परवानगी देणे किंवा बंदी घालणे एवढ्यापुरते नाही. या मुलीच्या ताटातला, या घरातला आणि या वर्षीचा धोका नेमका कोठे आहे ते शोधणे, आणि त्यातला किती कमी होऊ शकतो ते तिच्या माणसांना दाखवून देणे, हे आमचे खरे काम आहे.

हा धोका कसा निर्माण होतो ते समजून घेतल्याशिवाय पुढचे काही पटणार नाही. घशात हवेचा आणि अन्नाचा मार्ग काही अंतर एकच असतो. आपण गिळतो तेव्हा क्षणभर श्वास थांबतो, स्वरयंत्र वर आणि पुढे सरकते, स्वरतंतू मिटतात, वरची झडप झाकली जाते आणि घास अन्ननलिकेत उतरतो. हे सारे साधारण एका सेकंदात घडते. सेरेब्रल पाल्सीमध्ये स्नायूंचा ताण आणि त्यांची वेळ साधत नाही, त्यामुळे जीभ घास मागे ढकलते तेव्हा श्वासनलिकेचे दार अजून उघडेच असते, किंवा एकदा गिळून झाल्यावरही घशात थोडे अन्न उरते आणि पुढच्या श्वासाबरोबर ते श्वासनलिकेत ओढले जाते. पाणी सर्वांत वेगाने घसरते, म्हणून तुमच्या मुलीला भातापेक्षा पाण्याने अधिक ठसका लागतो.

ठसका ही शरीराची राखण आहे. ज्या मुलाला ठसका लागतो त्याचे शरीर निदान चुकीच्या वाटेने गेलेले बाहेर फेकण्याचा प्रयत्न तरी करते. मला अधिक काळजी वाटते ती ठसका न लागता ज्यांच्या फुफ्फुसात अन्न जाते त्या मुलांची, आणि मेंदूला इजा झालेल्या मुलांमध्ये असे घडणे मुळीच विरळ नाही. अशा वेळी खुणा दुसऱ्या असतात: जेवता जेवता आवाज ओला, घरघरीत होणे, डोळ्यांत पाणी येणे, श्वासाचा वेग वाढणे, ओठांभोवतीचा रंग बदलणे, जेवणानंतर तासाभराने छातीत खुरखुर ऐकू येणे, कारण न सापडणारा वारंवार ताप येणे, वजन महिनोन्‌महिने एकाच जागी राहणे. कोविडच्या काळापासून पुष्कळ घरांत बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आला आहे आणि अनेक पालक जेवताना तो लावून आकड्याकडे पाहत बसतात. अन्न श्वासनलिकेत गेले की नाही, हे त्या आकड्यावरून ठरवता येत नाही. तो ठीक दिसला म्हणून निर्धास्त होऊ नका, आणि जेवताना आकड्याकडे न पाहता मुलीच्या चेहऱ्याकडे पाहा.

आता आमच्या कामाकडे येते. चांगला थेरपिस्ट मुलीचे तोंड उघडून पाहण्याआधी तिचे एक पूर्ण जेवण पाहतो. रुग्णालयातल्या परक्या खोलीत चार चमचे भरवून फारसे काही कळत नाही. घरी भेट देणे शक्य नसेल तर घरच्या जेवणाचा मोबाइलवर काढलेला व्हिडिओ अधिक उपयोगी पडतो. त्यात आम्ही काय पाहतो ते सांगते. आई दिवाणावर मांडी घालून बसली आहे, मुलगी तिच्या डाव्या दंडावर रेलली आहे आणि तिचे पाय अधांतरी लोंबत आहेत. आईचा हात वरून येतो, म्हणून मुलगी चमच्याकडे पाहण्यासाठी मान मागे टाकते, आणि मान मागे गेली की श्वासनलिकेचे दार अधिक उघडे पडते. स्टीलचा खोल चमचा तोंडात जातो, मुलगी तो दातांनी घट्ट धरते, आणि आई तो वरच्या दातांवर घासून बाहेर काढते. घास जिभेवर ठेवला जाण्याऐवजी टाळूला चिकटतो. तो खाली उतरवायला मुलगी तीन-चार वेळा जीभ बाहेर ढकलते, थोडे अन्न हनुवटीवर येते, आई ते चमच्याने पुन्हा आत सारते, आणि पहिला घास गिळून होण्याआधीच दुसरा तोंडाशी पोचतो. विसाव्या मिनिटाला मुलगी थकते, आणि ठसके तिथून पुढे सुरू होतात.

या एवढ्याशा दृश्यात निदान पाच-सहा गोष्टी बदलता येण्यासारख्या आहेत, आणि त्यांतली एकही महाग नाही. कंबर मागे टेकलेली, गुडघे वाकलेले, पायांखाली पाट किंवा जुन्या पुस्तकांचा गठ्ठा आणि डोके सरळ किंवा किंचित पुढे झुकलेले, ही बहुतेक मुलांसाठी चांगली बैठक असते. काही मुलांना पाठ थोडी मागे कललेली पण मान धडाच्या रेषेत ठेवलेली अधिक सोयीची पडते, म्हणून फिजिओथेरपिस्ट किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्टबरोबर बसून हे तुमच्या मुलीपुरते ठरवावे लागते. एका खोलीच्या घरात मोठी खास खुर्ची मावत नाही, हे मला ठाऊक आहे. भिंतीच्या कोपऱ्याचा आधार देणारी साधी लाकडी कोपरा-खुर्ची सुताराकडून करून घेता येते. भरवणाऱ्याने समोर आणि मुलीच्या डोळ्यांच्या पातळीला किंवा त्याहून खाली बसावे. चमचा उथळ आणि सिलिकॉनचा किंवा जाड प्लॅस्टिकचा असावा. तो जिभेच्या मध्यावर ठेवून हलकेच दाबावा, ओठ मिटण्याची वाट पाहावी आणि मग तो सरळ बाहेर काढावा. गळ्यावरची गिळण्याची हालचाल दिसल्याशिवाय पुढचा घास द्यायचा नाही, आणि तोंडात काही उरले असेल तर रिकामा चमचा लावून दुसऱ्यांदा गिळू द्यायचे. पाण्यासाठी टोटीचा सिपर अनेक मुलांना अपायकारक ठरतो, कारण त्यातून पिताना मान मागे जाते. नाकाच्या बाजूने अर्धगोल कापलेला कप घेतला तर मान न उचलता पाणी ओठांपर्यंत येते.

अन्न कसे असावे हा पुढचा भाग, आणि येथे आपल्या स्वयंपाकघराकडे नीट पाहावे लागते. अन्नाचा आणि पेयांचा दाटपणा मोजण्यासाठी आयडीडीएसआय नावाची आंतरराष्ट्रीय चौकट आहे, ज्यात शून्यापासून सातपर्यंत पातळ्या आहेत. तिचा फायदा असा की, डॉक्टर, शाळा आणि आजी यांना ‘थोडे घट्ट’ या शब्दाचा एकच अर्थ कळतो. पेज किती दाट आहे हे मोजायला दहा मिलीलिटरची सिरिंज पुरते. तिचे टोक बोटाने बंद करून दहाच्या खुणेपर्यंत पेज भरायची, बोट काढून बरोबर दहा सेकंद वाहू द्यायची आणि पुन्हा बंद करायची. एक ते चार मिलीलिटर उरली तर ती पहिली पातळी, चार ते आठ उरली तर दुसरी, आठपेक्षा अधिक उरली तर तिसरी. जवळपास सगळी वाहून गेली तर ती पाण्यासारखीच पातळ आहे आणि मुळीच वाहिली नाही तर चौथी. सिरिंज घेताना शून्य ते दहा या खुणांमधले अंतर ६१.५ मिलीमीटर असल्याची खात्री करावी, कारण प्रत्येक कंपनीची सिरिंज सारखी नसते.

ही चाचणी ओट्यावर करून पाहिली की एक गोष्ट डोळ्यांना दिसते, ती कितीही वेळा सांगून पटत नाही. चुलीवरून उतरवलेली नाचणीची किंवा तांदळाची पेज पहिल्या पातळीची असते, आणि तीच पंख्याखाली निवल्यावर तिसऱ्या पातळीला पोचते. म्हणून मोजायचे ते मुलीला देण्याच्या वेळच्या उष्णतेला. याच्या उलट, वाटीत एकच चमचा वारंवार बुडवला तर लाळेतले पाचकद्रव्य वाटीतल्या पिठाचे विघटन करते आणि जेवणाच्या अखेरीस पेज पुन्हा पातळ होते. दहा मिनिटांपूर्वी सुरक्षित असलेल्या पेजेने शेवटी ठसका का लागला, याचे उत्तर कधी कधी एवढेच असते. पेज दोन वाट्यांत विभागून घ्यावी आणि पहिलीतली पातळ वाटू लागली की दुसरी घ्यावी.

घन आणि पातळ एकत्र असलेले पदार्थ सर्वांत फसवे असतात. आमटीत भिजवलेली पोळी, दुधात बुडवलेले बिस्किट, रसात तरंगणारे भाजीचे तुकडे यांत पाणी आधी घशात पोचते आणि घन भाग तोंडात चावला जात असतो. कोरडे पोहे आणि रवाळ उपमा तोंडभर पसरतात. साबुदाणा, पेढा आणि पाव चिकट गोळा होऊन अडकतात. मऊ शिजवून घोटलेला वरणभात तूप घालून एकजीव केला तर तो बहुधा सर्वांत सोपा पदार्थ ठरतो, म्हणजे तुमच्या मुलीची आवड या बाबतीत तिच्या बाजूने आहे. चमच्यात घेऊन तिरका केल्यावर तो एका गोळ्यात घसरून पडावा आणि चमच्याला चिकटून राहू नये, एवढी परीक्षा पुरेशी आहे. तुकडे खाणाऱ्या लहान मुलांसाठी आयडीडीएसआयने मापे ठरवली आहेत: बारीक केलेल्या ओलसर अन्नात कण दोन मिलीमीटरपर्यंत, आणि मऊ तुकड्यांच्या अन्नात ते आठ मिलीमीटरपर्यंत. शेंगदाणे, फुटाणे, पॉपकॉर्न आणि अख्खी द्राक्षे या मुलांच्या हाताला लागता कामा नयेत.

पाणी दाट करण्याची पावडर औषधाच्या दुकानात मिळते, पण ती स्वतःच्या मनाने सुरू करू नये. तान्ह्या बाळांच्या बाबतीत तर मुळीच नाही: झँथन गम हा दाट करणारा पदार्थ असलेल्या एका उत्पादनानंतर अकाली जन्मलेल्या बाळांमध्ये आतड्यांचा गंभीर आजार दिसल्यामुळे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०११ साली इशारा दिला होता. मोठ्या मुलांमध्येही दाट पाण्याची चव आणि पोत न आवडल्याने ती कमी पाणी पितात, लघवी कमी आणि गडद होते, बद्धकोष्ठता वाढते, आणि पोट साफ नसले की भूक मरते. म्हणून दाट पाणी सांगताना दिवसभराच्या पाण्याचा हिशेब आहारतज्ज्ञाकडून करून घेणे, हा त्या सल्ल्याचाच भाग असायला हवा.

अन्नाशी संबंध नाही असे वाटणाऱ्या दोन गोष्टींवर मी मुद्दाम जोर देते. पहिली म्हणजे दात. न्यूमोनिया केवळ अन्नाने होत नाही. लाळेबरोबर तोंडातले जंतूही खाली जातात. ज्या मुलीला खळखळून चूळ भरता येत नाही तिचे दात मऊ ब्रशने आणि अगदी थोड्या पेस्टने सकाळ-रात्र घासून, ओल्या स्वच्छ कापडाने फेस पुसून घेतला तर फुफ्फुसात जे जाते ते तरी कमी घातक असते. नळीतून अन्न घेणाऱ्या मुलांचे दात घासायचे राहून जातात, आणि खरे तर त्यांनाच याची अधिक गरज असते. दुसरी गोष्ट औषधांची. फिटसाठी किंवा स्नायूंचा ताण कमी करण्यासाठी दिल्या जाणाऱ्या क्लोबाझाम, क्लोनाझेपाम यांसारख्या औषधांनी लाळ वाढते आणि झापड येते. औषधाची वेळ आणि जेवणाची वेळ एकमेकींवर आदळत असतील तर बालमेंदूविकारतज्ज्ञांशी बोलून ती बदलता येते का, हे विचारावे. अर्धवट झोपेतल्या, रडणाऱ्या किंवा धाप लागलेल्या मुलाला भरवू नये. ताप किंवा छातीचा संसर्ग असेल तेव्हा तोंडाने भरवण्याबद्दल डॉक्टरांना नव्याने विचारावे. पावसाळ्यात, घराघरांत सर्दी-खोकला फिरत असताना, हे अधिक कसोशीने पाळावे लागते.

तपासण्यांबद्दल थोडक्यात सांगते. बेरियम मिसळलेले अन्न भरवून क्ष-किरणांखाली गिळण्याची चलत्‌चित्रे घेतात, ती व्हिडिओफ्लोरोस्कोपी. आणि नाकातून बारीक कॅमेरा घालून घसा पाहतात, ती फीस (FEES) नावाची तपासणी. ठसक्याविना अन्न खाली जाते का, कोणता दाटपणा आणि कोणती बैठक अधिक सुरक्षित आहे, हे त्यांतून दिसते. मात्र ती त्या दिवसाची, त्या वेळची काही मिनिटे असतात. निकाल वाईट आला म्हणजे मुलगी आयुष्यभर काही खाऊ शकणार नाही असा अर्थ होत नाही, आणि चांगला आला म्हणजे थकलेल्या संध्याकाळीही ती तशीच गिळेल असाही होत नाही. विजेच्या झटक्यांनी किंवा केवळ ओठ-जिभेच्या मालिशने गिळणे पूर्ववत करून देतो असे कोणी सांगितले, तर त्यासाठी पैसे मोजण्याआधी दुसरे मत घ्यावे, असे मी स्पष्टपणे सांगेन.

आता नळीचा प्रश्न. तुमच्या डॉक्टरांचा सल्ला मी मोडीत काढत नाही. सात वर्षांची मुलगी, दोन न्यूमोनिया, तासाहून लांबणारी जेवणे: यांत तिला पुरेसे पोषण मिळत नसण्याची शक्यता मोठी आहे. जेवण साधारण अर्ध्या तासापलीकडे रोजच जात असेल तर मुलगी जेवणात मिळवते त्यातले बरेचसे जेवण्याच्या श्रमातच खर्च करते, आणि भरवणारीचा दिवसही त्यातच संपतो. पोटातली नळी वजन, औषधे आणि पाणी यांची चिंता मिटवते, आणि माझ्या अनुभवात ती बसवल्यावर घरातली जेवणाची भांडणे कमी होतात. पण ती काय करत नाही हेही सांगायला हवे. लाळ खाली जाणे नळीने थांबत नाही, आणि पोटातले अन्न उलट वर येणेही थांबत नाही. नळी बसली म्हणजे तोंड कायमचे बंद, असेही नाही; अनेक मुले पोषण नळीतून घेतात आणि चवीपुरते काही घास तोंडाने खातात. ‘एकतर नळी, नाहीतर वरणभात’ अशी निवड तुमच्यापुढे ठेवली गेली असेल, तर ती अपुरी आहे.

धोका मान्य करून खाणे-पिणे चालू ठेवण्याच्या या निर्णयाला जगभर आता शिस्तशीर रूप आले आहे. ब्रिटनमधल्या वाक् व भाषा चिकित्सकांच्या रॉयल कॉलेजने २०२१ साली प्रौढ रुग्णांसाठी याबद्दल सविस्तर मार्गदर्शन प्रसिद्ध केले. मुलांच्या बाबतीत प्रश्न आणखी गुंतागुंतीचा असतो, कारण निर्णय दुसरे कोणी घेते, मूल वाढत असते आणि त्याची क्षमता दर वर्षी बदलते. तरीही गाभा तोच: हा निर्णय एकट्या थेरपिस्टचा नसतो, एकट्या डॉक्टरांचा नसतो आणि एकट्या आईवरही टाकायचा नसतो. बालरोगतज्ज्ञ, मेंदूविकारतज्ज्ञ, नळी बसवणारे शल्यचिकित्सक, आहारतज्ज्ञ, थेरपिस्ट आणि आई-वडील यांनी एकदा तरी एकत्र बसले पाहिजे. मोठ्या सरकारी किंवा पालिकेच्या रुग्णालयात हे सगळे एका वेळी मिळणे अवघड असते, याची मला जाणीव आहे. तसे जमले नाही तर थेरपिस्टने प्रत्येकाचे मत लिहून घेऊन ते एका कागदावर आणावे. हे काम आमच्यापैकी कोणीतरी अंगावर घेतल्याशिवाय होत नाही.

त्या बैठकीत काही अवघड प्रश्न उघडपणे विचारावे लागतात. आजार वाढत जाणारा आहे की स्थिर? मुलीला खाण्यातून खरोखर आनंद मिळतो, की भरवताना ती रडते, तोंड मिटते, मान फिरवते? पुन्हा न्यूमोनिया झाला तर काय करायचे, कोणत्या रुग्णालयात जायचे आणि उपचार कोठपर्यंत न्यायचे? ज्या मुलांचा आजार बरा होणारा नाही आणि हाती थोडा काळ उरला आहे, त्यांच्यासाठी घासाचा आनंद हेच पहिले ध्येय असू शकते, आणि मग आम्ही सुरक्षिततेपेक्षा सुखाला झुकते माप देतो. तुमच्या मुलीचे तसे वर्णन तुम्ही केलेले नाही. तिच्या बाबतीत पोषण आणि फुफ्फुसे सांभाळून चव टिकवणे, ही दिशा मला योग्य वाटते. सेरेब्रल पाल्सीच्या तीन वर्षांवरील मुलांसाठी ईडीएसीएस नावाची, खाण्या-पिण्याची क्षमता ठरवणारी पाच पातळ्यांची पद्धत २०१४ साली प्रसिद्ध झाली आहे. तिच्या चौथ्या-पाचव्या पातळीवरच्या मुलांच्या सुरक्षिततेचा प्रश्न गंभीर असतो. तुमची मुलगी कोणत्या पातळीवर बसते ते थेरपिस्टकडून ठरवून घ्या, म्हणजे सर्वजण एकाच मुलीबद्दल बोलत आहेत हे नक्की होते.

आणि त्या खोलीत मुलगी स्वतः असावी. ती बोलत नाही म्हणून तिला मत नाही, असे मानू नका. वरणभाताची वाटी आणि पेजेची वाटी समोर धरून तिची नजर कोठे जाते, पोट भरल्यावर ती काय करते, ‘पुरे’ ती कसे सांगते, हे शिकणे आणि ते सर्वांना शिकवणे हा वाक् चिकित्सकाच्या कामाचा मूळ भाग आहे. तिने मान फिरवली की भरवणे थांबले पाहिजे. नाक दाबून किंवा हात धरून भरवलेला घास सर्वांत धोक्याचा, कारण रडताना श्वासाची वाट उघडीच असते.

आजींबद्दल एक विनंती. ‘सासूबाई ऐकत नाहीत’ असे म्हणून त्यांना बाजूला ठेवू नका. दुपारी भरवणाऱ्या त्याच असतील तर तपासणीला त्यांनाच घेऊन या. त्यांनी व्हिडिओफ्लोरोस्कोपीची चित्रे स्वतः पाहिली, सिरिंजची चाचणी स्वतःच्या हाताने केली, आणि ‘हे देऊ नका’ याच्याबरोबर ‘हे अवश्य द्या’ असेही त्यांना ऐकायला मिळाले, की मी पाहिलेल्या बहुतेक आज्या घरातल्या सर्वांत काटेकोर भरवणाऱ्या होतात. गणपतीत किंवा सत्यनारायणाला शेजारीपाजारी प्रेमाने मुलाच्या तोंडात पेढा किंवा मोदकाचा तुकडा ठेवतात, तेव्हा हात मध्ये घालून थांबवण्याचे बळ आजीच्या शब्दालाच असते. दुधात सैल करून गाळलेल्या शिऱ्याचे बोट तिने प्रसाद म्हणून लावले तर मुलगी त्या दिवसाच्या आनंदापासून वंचित राहत नाही. घरात लहान बाळ असेल तर याच संदर्भात सांगते, नाकात तेल सोडणे आणि आडवे धरून बोंडल्याने एरंडेल किंवा तूप पाजणे पूर्णपणे बंद करावे. तेल ठसका न लावता फुफ्फुसात उतरते आणि त्याने होणारा न्यूमोनिया लवकर बरा होत नाही.

शाळेचा नकार मला समजतो. भरवणाऱ्या मावशींवर सगळी जबाबदारी टाकून त्यांना काहीही लेखी न देणे अन्यायाचे आहे. थेरपिस्टकडून एका पानाची मराठी सूचना घ्या: योग्य बैठकीचा फोटो, चमच्याचा फोटो, अन्नाची आणि पाण्याची पातळी, एका वेळचा घास किती, जास्तीत जास्त किती मिनिटे, ‘पुरे’ची खूण कोणती, कोणत्या खुणा दिसल्या की थांबायचे आणि कोणाला फोन करायचा. खाली डॉक्टर, थेरपिस्ट आणि पालक यांच्या सह्या आणि पुढच्या तपासणीची तारीख असावी. मग थेरपिस्टने एकदा शाळेत जाऊन मावशींच्या हातून भरवून घ्यावे. घास अडकून मुलीला खोकता येईनासे झाले तर पाठीवर दोन खांद्यांच्या मध्ये पाच जोरदार थापा आणि न सुटल्यास पोटावर वरच्या दिशेने पाच दाब, हे एक वर्षावरील मुलांसाठीचे प्रथमोपचार शाळेतल्या सर्वांना प्रत्यक्ष शिकवलेले असावेत. एक वर्षाखालील बाळाला पोटावर दाब देत नाहीत, छातीवर देतात. न दिसणारा तुकडा काढायला तोंडात बोट फिरवू नये, आणि त्याच वेळी कोणीतरी १०८ ला फोन करावा. दर सहा महिन्यांनी, आणि कोणत्याही न्यूमोनियानंतर, वजन घटल्यास किंवा औषध बदलल्यास लगेच, हे पान नव्याने लिहावे लागते.

मुंबईत सुरुवात कोठून करावी, हा तुमचा शेवटचा प्रश्न. वांद्रे रेक्लमेशन येथील अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था आणि मुंबई सेंट्रलच्या नायर रुग्णालयातील वाक्‌चिकित्सा विभाग येथे प्रशिक्षित तज्ज्ञ आहेत. खासगी थेरपिस्टकडे जात असाल तर भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा आणि मुलांच्या गिळण्याच्या त्रासावर त्यांनी काम केले आहे का हेही विचारा. केवळ उच्चारांवर काम करणारे अनेक चांगले थेरपिस्ट या कामात नसतात आणि तसे विचारले तर ते प्रामाणिकपणे सांगतात. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांना राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेच्या निरामय आरोग्य विम्यात वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत खर्चाचे संरक्षण मिळू शकते, आणि त्यासाठी दिव्यांगत्व प्रमाणपत्र लागते. पहिल्या भेटीला येताना दोन्ही न्यूमोनियांची डिस्चार्ज कार्डे, छातीचे एक्स-रे, गेल्या वर्षभरातल्या वजनाच्या नोंदी, औषधांची नावे आणि वेळा, रोजचा चमचा आणि कप, मुलीला आवडणारा वरणभात घरी करता तसाच डब्यात, आणि तिला रोज भरवणारे माणूस, एवढे सोबत आणा. मुलगी उपाशी पण रडवेली नसावी, म्हणून तिच्या नेहमीच्या जेवणाच्या वेळेचीच अपॉइंटमेंट मागा.